साताऱ्याला औषध आहे, हे सांगणार कोण?

तुमच्या शाळेत असा एखादा मुलगा होता का, जो पीटीच्या तासाला कायम झाडाखाली बसलेला असायचा? महिन्यातून चार-पाच दिवस गैरहजर. आला की गुडघ्याला क्रेप बँडेज आणि एक पाय ओढत चालणं. सरांनी विचारलं की ठरलेलं उत्तर, 'मुरगळलाय सर'. कबड्डीत त्याला कुणी घ्यायचं नाही, आणि वर्गात त्याचं नाव 'काच' नाहीतर 'नाजूकराव' पडलेलं. दहावीनंतर तो दिसेनासा झाला आणि आपणही विसरून गेलो.

पाय ओढणाऱ्या प्रत्येकाला हिमोफिलिया असतो असं अजिबात नाही. पण हिमोफिलिया असलेली मुलं शाळेत बरेचदा अशीच दिसतात. रक्त गोठायला शरीरात एकामागून एक बरेच घटक कामाला लागतात. त्यातला आठवा घटक कमी असला तर 'हिमोफिलिया ए', नववा कमी असला तर 'बी'. सिनेमात दाखवतात तसं सुई टोचली आणि माणूस गेला, असं यात होत नाही. खरा त्रास आतला आहे. गुडघा, घोटा, कोपर अशा सांध्यांत रक्त उतरतं. कधी बाईकला किक मारताना, कधी एसटीतून उतरताना, कधी तर काहीच न करता. सांधा नारळासारखा सुजतो, रात्रभर झोप नाही, आणि असं पुन:पुन्हा होत राहिलं की ऐन विशीत सांधा सत्तरीतल्या माणसासारखा होतो. डोक्यात किंवा पोटात रक्तस्राव झाला तर थेट जिवावर बेततं.

आता एक हिशोब करू. दर पाच हजार मुलग्यांच्या जन्मामागे साधारण एकाला 'हिमोफिलिया ए' असतो. 'बी' त्याहून दुर्मीळ. सातारा जिल्ह्याची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेत ३० लाखांच्या घरात होती. निम्मे पुरुष धरा, म्हणजे १५ लाख. भागिले पाच हजार. उत्तर ३००. कागदावरचाच हिशोब आहे, कारण आपल्याकडे अपेक्षित रुग्णांपैकी बहुतेकांचं निदानच होत नाही. पण जिल्ह्यात गावं आहेत सतराशेच्या वर. म्हणजे पाच-सहा गावांत मिळून एक माणूस.

'दुर्मीळ' या शब्दाचा खरा अर्थ इथे कळतो. उंब्रजच घ्या. पुणे-बेंगळुरू महामार्गावरचं बाजाराचं गाव. चाफळ, तारळे, पाल, मसूर या सगळ्या बाजूंची माणसं कॉलेजला, बाजाराला आणि दवाखान्यात इथे येतात. तरीही इथल्या एखाद्या डॉक्टरच्या अख्ख्या कारकिर्दीत हिमोफिलियाचे दोन-तीन पेशंट आले तर आले. त्यांना तो पटकन ओळखता आला नाही तर त्यात नवल नाही. आणि ज्या घरात हा आजार आहे, त्या घराला तर पंचक्रोशीत दुसरं असं घर माहीतच नसतं. मधुमेहाचं तसं नाही. गोळी कधी घ्यायची, भात किती खायचा, शेजारच्या काकू न विचारता सांगतात. इथे विचारायला काकूच नाहीत.

आता गंमत बघा (खरं तर गंमत नाही). औषध लांब नाही. राज्याने हिमोफिलियाची डे केअर सेंटर्स जिल्हा रुग्णालयांत सुरू केली, तेव्हा पहिल्या मोजक्या ठिकाणांत नाशिक, ठाणे, अमरावतीबरोबर सातारा होतं. तिथे 'फॅक्टर' म्हणजे कमी असलेल्या घटकाचं इंजेक्शन मोफत मिळतं. बाजारात विकत घ्यायचं तर त्याचा खर्च कुठल्याही शेतकरी कुटुंबाला झेपणारा नाही. उंब्रजहून सातारा साधारण ३५ किलोमीटर, कराड त्याच्या निम्म्यावर. अनेक जिल्ह्यांच्या तुलनेत आपण नशीबवान म्हणायचो.

पण सांध्यात रक्त उतरायला लागलं की फॅक्टर जितक्या लवकर जाईल तितकं चांगलं, शक्यतो दोन तासांच्या आत. या दोन तासांत घरात काय होतं? आधी शेक देतात, त्याने रक्तस्राव वाढतो. मग कुणीतरी मालीश करून देतं, त्याने आणखी वाढतो. मग मेडिकलमधून दुखण्यावरची गोळी येते, आणि त्यातल्या ॲस्पिरिनसारख्या गोळ्यांनी रक्त गोठायला उलट अडथळा होतो. शेवटी दवाखान्यात कमरेत इंजेक्शन, म्हणजे स्नायूत सुई, म्हणजे नवा रक्तस्राव. यातलं प्रत्येक पाऊल मायेपोटी टाकलेलं असतं. साताऱ्याच्या फ्रिजमध्ये औषधाची बाटली तशीच राहते.

ही साखळी कुठे तोडायची, हे डॉक्टरही सांगतात. पण डॉक्टर भेटतो दहा मिनिटं. रात्री अकरा वाजता सातवीतल्या पोराचा घोटा फुगायला लागतो, तेव्हा आईने फोन कुणाला करायचा? ज्यांच्याकडे उत्तर आहे, त्यांच्याकडे ते बहुतेक वेळा एकच असतं: 'आपल्या ग्रुपमधल्या दादाला.' हा दादा डॉक्टर नसतो, नर्स नसतो, सरकारी नोकरही नसतो. त्याला स्वतःला हिमोफिलिया असतो, नाहीतर त्याच्या मुलाला. तो म्हणतो, 'शेकू नका, बर्फ लावा, पाय उशीवर ठेवा, हलवू नका, पहिल्या गाडीने निघा. कार्ड बरोबर घ्या. डोक्याला लागलं असेल तर आधी फॅक्टर, मग स्कॅन, हे तिथे ठासून सांगा.' आणखी एक गोष्ट तो सांगतो, जी कुठल्याही पत्रकात नसते: 'वहिनी, घाबरू नका, माझाही असाच सुजायचा.'

आधारगट, सपोर्ट ग्रुप, स्वमदत गट, नाव काहीही द्या. हे काम बिनपगारी माणसं करतात. मराठी मुलखाला ते नवीन नाही. पुण्यात पार्किन्सन्स मित्रमंडळ वर्षानुवर्षं चाललंय; तिथे रुग्णाला 'शुभार्थी' आणि त्याची काळजी घेणाऱ्याला 'शुभंकर' म्हणतात. अंगावर कोड असलेल्यांसाठी श्वेता असोसिएशन आहे. पण ते आजार दुर्मीळ नाहीत. एका शहरात शंभर माणसं जमतात, सभागृह घेता येतं, सहल काढता येते. पाच-सहा गावांत एक माणूस असेल तर सभागृहात जमायचं कुणी? म्हणून दुर्मीळ आजाराचा गट हा मुळात फोनवरचा, प्रवासातला आणि हॉस्पिटलच्या बाकड्यावरचा गट असतो.

हिमोफिलियाच्या बाबतीत तर रुग्ण आधी जमले आणि उपचार मागून आले, असं म्हणता येईल. जागतिक हिमोफिलिया महासंघ १९६३ मध्ये स्थापन झाला तो फ्रँक श्नाबेल या कॅनडातल्या उद्योजकाच्या पुढाकाराने, आणि त्याला स्वतःला हिमोफिलिया होता. १७ एप्रिल हा त्याचा वाढदिवस, म्हणून त्या दिवशी जागतिक हिमोफिलिया दिन. आपल्याकडे १९८३ मध्ये दिल्लीत हिमोफिलिया फेडरेशन सुरू झालं. अशोक वर्मा या त्याच्या संस्थापकांनाही हाच आजार होता. तेव्हा देशात फॅक्टर मिळणंच मुश्कील होतं. परदेशातून औषध मागवायचं, ते सभासदांपर्यंत पोचवायचं, सरकारच्या दारात बसायचं, हे सगळं रुग्णांनी आणि त्यांच्या घरच्यांनी केलं. पुणे, मुंबई, नाशिक, नागपूर अशा शाखा उभ्या राहिल्या. आज जिल्हा रुग्णालयात जे इंजेक्शन फुकट मिळतं, त्यामागे या माणसांनी झिजवलेल्या चपला आहेत.

तुम्ही अठरा ते पंचवीसच्या वयात असाल तर या गटांचं आणखी एक काम तुम्हाला पटकन कळेल: कागदपत्रं. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने दिव्यांगत्वाचे २१ प्रकार मानले, त्यात हिमोफिलिया आहे. दिव्यांगत्व ४० टक्के किंवा त्याहून जास्त असल्याचं प्रमाणपत्र असेल तर सरकारी आणि अनुदानित उच्च शिक्षणसंस्थांतल्या पाच टक्के राखीव जागांसाठी अर्ज करता येतो. पण याच कायद्यातल्या सरकारी नोकरीच्या चार टक्के आरक्षणाच्या यादीत रक्ताचे आजार नाहीत! म्हणजे प्रवेशाच्या वेळी तुम्ही दिव्यांग, आणि नोकरीच्या वेळी नाही. कॉलेजच्या खिडकीवरच्या क्लार्कला हा फरक माहीत असेल अशी अपेक्षा करू नका. आधी ठेचकाळलेल्या मुलाला माहीत असतो. एसटीत हिमोफिलियाच्या रुग्णाला सवलत आहे, रेल्वेत उपचारासाठी जाताना रुग्णाला आणि सोबत्याला तिकिटात ७५ टक्के सवलत आहे, हेही बहुतेकांना कळतं ते दुसऱ्या पेशंटकडूनच.

आणि काही गोष्टी फक्त समवयस्कच बोलू शकतात. हॉस्टेलवर रूममेटला सांगायचं की नाही? फॅक्टरच्या बाटल्या मेसच्या फ्रिजमध्ये ठेवायच्या तर त्या २ ते ८ अंश तापमानात राहतील का, आणि कुणी विचारलं तर काय म्हणायचं? स्वतःच्या शिरेत स्वतः सुई घालायला शिकताना हात थरथरतो, तो कधी थांबतो? पालच्या यात्रेला मित्र निघालेत, भंडारा उधळला जाणार, गर्दीत रेटारेटी होणार, जायचं की घरी बसायचं? डॉक्टर म्हणतील टाळलेलं बरं. आई म्हणेल अजिबात नाही. गटातला पंचविशीतला मुलगा सांगेल, 'डॉक्टरांना विचारून आदल्या दिवशी डोस घेता येतो का बघ, गाभाऱ्याच्या गर्दीत घुसू नको, कडेला उभा राहा. पण जा.' त्या 'पण जा'साठी आधारगट लागतो.

दुर्मीळ आजारांची बातमी मात्र आपल्यापर्यंत कशी येते? आकड्यांनी. १६ कोटींचं इंजेक्शन, अमुक महिन्यांचं बाळ, लोकवर्गणी. २०२१ मध्ये मुंबई आणि पिंपरी-चिंचवडमधल्या अशा दोन बाळांसाठी अख्ख्या महाराष्ट्राने पैसे भरले, तुमच्यापैकीही कुणी भरले असतील. त्यांना स्पायनल मस्क्युलर ॲट्रोफी, म्हणजे स्नायूंची ताकद जाणारा आजार होता. त्याच वर्षी मार्चमध्ये केंद्राचं दुर्मीळ आजार धोरण आलं, २०२२ मध्ये मदतीची मर्यादा ५० लाखांपर्यंत गेली, मुंबईचं केईएम रुग्णालय त्यातल्या उत्कृष्टता केंद्रांपैकी एक. धोरणाबरोबर सरकारी लोकवर्गणीचं पोर्टलही आलं, त्यावर जमलेला निधी अगदीच तुटपुंजा. २०२५ मध्ये याच आजारावरचं रिस्डिप्लाम हे औषध भारतीय कंपनीने बनवायचं की नाही यावरून न्यायालयात लढाई झाली. बाटलीमागे सहा लाखांच्या वर किंमत असलेलं औषध १५,९०० रुपयांत बाजारात आलं. त्या लढाईत पेटंटच्या वकिलांसमोर रुग्णही उभे होते.

हे सगळं महत्त्वाचं आहेच. पण या बातम्यांमुळे आपला असा समज होतो की दुर्मीळ आजार म्हणजे पैशाचा प्रश्न. पैसे जमले, इंजेक्शन दिलं, विषय संपला. हिमोफिलियात तर औषध मोफत आहे, तरी पोरं लंगडतात. म्हणजे पैशाखेरीजही काहीतरी कमी पडतंय. औषध आणखी सुधारतंय. एमिसिझुमॅब नावाचं इंजेक्शन आता शिरेऐवजी त्वचेखाली, आठवड्यातून, पंधरवड्यातून किंवा महिन्यातून एकदा घेता येतं. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजने पाच रुग्णांवर जनुकीय उपचार केले, त्याचे निष्कर्ष डिसेंबर २०२४ मध्ये प्रसिद्ध झाले, आणि पाहणीच्या काळात त्या पाचांपैकी कुणालाही रक्तस्राव झाला नाही. मोठीच गोष्ट आहे. पण नवं औषध कुणाला चालतं, त्यावर असताना अपघात झाला तर काय करायचं, ही माहिती चाफळच्या खोऱ्यातल्या घरापर्यंत नेणारं माणूस लागणारच आहे. उलट जास्त लागेल, कारण आता निर्णयही जास्त आहेत.

स्वयंसेवक म्हटलं की आपण लगेच हार घालतो. तो मोह आवरायला हवा, कारण या कामातल्या अडचणी खऱ्या आहेत. पहिली म्हणजे चुकीची माहिती. आजार दुर्मीळ असला की 'मुळापासून बरा करतो' म्हणणारे दुर्मीळ नसतात, आणि त्यांचा मेसेजही त्याच व्हॉट्सॲप ग्रुपवर येतो. चांगला गट त्यावर कडक असतो: डोसचा आकडा डॉक्टरच सांगणार, ग्रुपवर काढ्याची जाहिरात चालणार नाही. दुसरी अडचण गुप्ततेची. लहान गावात नाव फुटलं की त्या घरातल्या मुलीचं लग्न अडतं. म्हणून फोटो टाकताना, सत्कार करताना शंभरदा विचार करावा लागतो. आणि तिसरी, जिच्याबद्दल कुणी बोलत नाही: दादा स्वतः आजारी आहे. ज्या रात्री तो दुसऱ्याला 'पाय हलवू नको' सांगतो, त्या रात्री त्याचा स्वतःचा गुडघाही सुजलेला असू शकतो. पेट्रोल त्याचं, रिचार्ज त्याचा, बुडालेला खाडा त्याचा. नोकरी बदलली, लग्न झालं, पुण्याला गेला, की इकडचा गट हळूहळू थंड. कुणी मुद्दाम बंद करत नाही. फोन उचलला जात नाही, एवढंच.

मुलींचं तर अजून सुरूही झालेलं नाही. हिमोफिलियाचं जनुक आईकडून मुलाकडे येतं हे गावात सगळ्यांना लवकर कळतं, आणि त्याचा उपयोग बाईला दोष द्यायला होतो. जवळपास एक तृतीयांश रुग्णांच्या घरात आधी कुणालाच हा आजार नसतो, हे मात्र कळत नाही. वाहक असलेल्या बऱ्याच मुलींनाही घटक कमी असतो. पाळीत दहा-दहा दिवस रक्त जातं, दात काढल्यावर थांबत नाही, बाळंतपणात धोका होतो. 'बायकांचं असंच असतं' म्हणून ते सोडून दिलं जातं. २०२५ च्या हिमोफिलिया दिनाचा विषयच 'मुली आणि स्त्रियांनाही रक्तस्राव होतो' हा होता. पण गटाच्या मीटिंगला मुलग्याला घेऊन आई येते, त्याची बहीण येत नाही. ती आली तर विचारायचं कुणाला? दादाला? तिथे ताई लागेल, आणि ती पुढे येईल असं वातावरण लागेल.

मग करायचं काय? उत्तरासाठी फार लांब जायला नको, महामार्गाने दक्षिणेला दीड-दोन तास पुरेत. सांगलीत १९९२ मध्ये 'संग्राम' संस्थेचं काम सुरू झालं. एचआयव्हीची भीती शिगेला पोचलेली असताना देहविक्रय करणाऱ्या बायकाच एकमेकींना निरोधाबद्दल सांगू लागल्या, कारण बाहेरच्या कुणाचं त्या ऐकणार नव्हत्या. अशा अनुभवांतून देशाच्या एड्स नियंत्रण कार्यक्रमाने एक गोष्ट शिकून घेतली: समदुःखी माणसाचं काम हे काम आहे, त्याला नाव आणि मोबदला द्यायचा. पीअर एज्युकेटरला मानधन असतं. एआरटी केंद्रात केअर कोऑर्डिनेटरचं पद असतं, आणि तिथे एचआयव्हीसह जगणाऱ्या व्यक्तीला प्राधान्य असतं. मानधन तुटपुंजं आहे, उशिरा येतं, तक्रारी भरपूर आहेत. तरी कागदावर ते माणूस आहे.

हिमोफिलियाच्या डे केअर सेंटरच्या कागदावर असा दादा किंवा ताई का नको? जिल्ह्याला एक. रुग्णांच्या यादीतल्या प्रत्येक घरी वर्षातून एकदा जाणारा, उंब्रज-मसूर-पाटणच्या डॉक्टरांना आणि मेडिकलवाल्यांना चार गोष्टी सांगणारा, शाळेत पीटीच्या सरांशी बोलणारा. थॅलेसेमिया आणि सिकलसेलची घरंही त्याच्याकडे देता येतील. उरलेले स्वयंसेवक असणारच आहेत. पण मधोमध एक टिकणारा माणूस असला तर दादा पुण्याला गेल्यावर ग्रुप थंड पडणार नाही. यात एक धोका मला दिसतो, तोही सांगून टाकते. अशी पदं भरली की 'माणूस दिलाय ना' म्हणून फॅक्टरच्या तुटवड्याकडे काणाडोळा होऊ शकतो. ते पद औषधाच्या जोडीला हवं, औषधाच्या जागी नको.

येत्या १७ एप्रिलला जिल्ह्याजिल्ह्यात कार्यक्रम होतील. लाल फुगे, बॅनर, दीपप्रज्वलन, भाषणं. तुम्ही एनएसएसमध्ये असाल तर खुर्च्या लावायलाही जाल. तेव्हा व्यासपीठावरच्या साहेबांना दोन गोष्टी जरूर विचारा: रात्री अकराचा फोन या जिल्ह्यात कोण उचलतं, आणि त्याच्या पेट्रोलचे पैसे कोण देतं?